मोकळ्या पानांचा हिशोब : आपल्या अभ्यासिकेचा संगणक का मंदावला?



मागच्या सर्वसाधारण सभेत अभ्यासिकेच्या संगणकावरून झालेली चर्चा उपस्थित सभासदांच्या लक्षात असेल. प्रवेश परीक्षांचे अर्ज भरण्याच्या ऐन दिवसांत यंत्र इतके मंद झाले होते, की फोटो आणि सही अपलोड होता होता वेळ संपून जाई आणि मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. एका विद्यार्थिनीला शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी नाक्यावरच्या सायबर कॅफेत धावावे लागले. तिचा अर्ज वेळेत गेला म्हणून बरे. पालक चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते.

त्या सभेत दोन सूचना आल्या. पहिली, इमारत निधीतून नवे यंत्र घ्यावे. दुसरी, त्याच यंत्रावर चालणारा आपला स्मृतिसंग्रह बंद करून त्यातली ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे पेन ड्राइव्हवर ज्याची त्याला देऊन टाकावीत. दुसऱ्या सूचनेने काही ज्येष्ठ मंडळी दुखावली. कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत नोकरीसाठी सिल्वासात येऊन इथलेच होऊन गेलेल्या आपल्या माणसांचे आवाज त्या संग्रहात आहेत, आणि त्यांतले काहीजण आता आपल्यात नाहीत. २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची घरोघरची जुनी छायाचित्रे आहेत. ती एकदा पेन ड्राइव्हवर पांगली की पुन्हा एकत्र येणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होते. पण मुलांच्या अर्जापुढे जुन्या आठवणींची बाजू कोण मांडणार?

कार्यकारिणीने दोन्ही सूचना तहकूब ठेवल्या आणि चौकशीचे काम आमच्याकडे दिले. आम्ही बी. कॉम. झालेले, आयुष्य बँकेत काढलेले. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण चौकशीत जे हाती लागले ते कोणाही बँकवाल्याच्या ओळखीचे निघाले. दोन वह्यांची जुळवणी झालेली नव्हती, इतकेच. ती का होत नाही आणि करायला गेले तर काय खर्च येतो, हे सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

एक यंत्र, तीन पाहुणे

आपल्या कार्यालयातल्या कपाटात यंत्र एकच आहे, पण त्याच्या आत तीन वेगळे संगणक चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक अभ्यासिकेचा, मुले सहा जुन्या संगणकांवरून त्यालाच जोडली जातात. दुसरा स्मृतिसंग्रहाचा. तिसरा सभासद नोंदवही आणि पावत्यांचा. प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र यंत्र आहोत. खरे यंत्र तो यजमान आणि आतले तिघे पाहुणे, असे म्हणू या. या क्षेत्रातले लोकही याच अर्थाचे शब्द वापरतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तिचा पायाच हा होता. आज ज्याला क्लाउड म्हणतात तोही याच पायावर उभा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटा सेंटरचे जाळे सुरू केले. तिथे भाड्याने मिळतात ते संगणक बहुतेक असे पाहुणेच असतात. आपल्याकडे जी अडचण कपाटातल्या एका यंत्रात झाली, तीच तिथे हजारो यंत्रांच्या हिशोबात उभी राहते.

आपल्या यंत्रात मेमरी, म्हणजे रॅम, १६ जीबी आहे. पण पाहुण्यांना कबूल केलेली मेमरी अशी होती : अभ्यासिका ८, स्मृतिसंग्रह ६, नोंदवही ४. बेरीज १८. जवळ १६ असताना १८ कबूल केले म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. बँकही कॅश क्रेडिटच्या मर्यादा मंजूर करताना सगळे खातेदार एकाच दिवशी पूर्ण रक्कम उचलणार नाहीत हे धरूनच चालते. अभ्यासिका दिवसा चालते, संग्रहातल्या ध्वनिफितींची साफसफाई रात्री. एकाचे मोकळे झाले की दुसऱ्याला मिळेल, हा हिशोब कागदावर बरोबर होता. गाडी अडली ती "मोकळे झाले" या शब्दांवर.

दोन वह्या, दोन शिल्लका

एका रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर आम्ही कपाटापाशी बसलो. अभ्यासिकेच्या पाहुण्याला विचारले, तर तो म्हणे निम्म्याहून अधिक मेमरी मोकळी आहे. यजमानाला विचारले, तर तो म्हणे अभ्यासिकेने जवळजवळ सगळे ८ जीबी वापरात धरले आहेत. एकाच खात्याच्या दोन शिल्लका!

पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या, आपल्याच एका सभासदाच्या मुलीला फोन लावला. कोणता आकडा खोटा, असे विचारले. ती म्हणाली, "काका, दोन्ही खरे आहेत. पाहुण्याने जागा मोकळी केली, पण ते यजमानाला सांगितलेच नाही."

ते असे. मेमरी वहीसारखी पानांत विभागलेली असते. आपल्या नेहमीच्या संगणकांत एक पान ४,०९६ बाइटचे. म्हणजे एका जीबीत २,६२,१४४ पाने. पाहुण्याने एखाद्या पानाला प्रथम हात लावला की यजमानाला ते कळतेच, कारण त्या क्षणी खऱ्या मेमरीतले पान त्यालाच काढून द्यावे लागते. पण मुलाने ब्राउझर बंद केला आणि पाने रिकामी झाली, की पाहुणा फक्त स्वतःच्या मोकळ्या पानांच्या यादीत नोंद करतो. ती यादी त्याच्या पोटात. यजमानाच्या वहीत ते पान नावे टाकलेलेच राहते. थोडक्यात, उचल आपोआप नोंदली जाते, भरणा नोंदला जात नाही.

अभ्यासिकेने दिवसभरात कधी ना कधी जवळपास प्रत्येक पानाला हात लावलेला असतो. त्यामुळे रात्री तिथे कुणी नसले तरी यजमानाच्या लेखी ८ जीबी गेलेले. मग रात्री संग्रहाचे काम सुरू झाले आणि मेमरी कमी पडली, की यजमान जुनी पाने उचलून हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो आणि जागा करतो. डिस्क मेमरीच्या मानाने फारच संथ. आणि तो लिहीत काय होता? पुष्कळदा अभ्यासिकेने कधीच टाकून दिलेला मजकूर. सकाळी मुलगा ते पान वापरायला मागतो. यजमान तो टाकाऊ मजकूर डिस्कवरून पुन्हा वाचून आणतो, आणि पाहुणा त्यावर लगेच नवा मजकूर लिहून तो पुसतो. रद्द केलेली चेकबुके तिजोरीत जपून ठेवावीत, दुसऱ्या दिवशी रजिस्टरवर सही घेऊन बाहेर काढावीत आणि मग फाडावीत, तसा हा प्रकार. अर्जांच्या दिवसांत मुले ताटकळत होती ती यासाठी.

मग दर वेळी कळवायचे ना!

आमच्या तोंडून हेच आले. पान मोकळे झाले की लगेच यजमानाला कळवा, वही जुळेल. ती हसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या शाखेत काउंटरवर आलेली प्रत्येक नोट त्याच क्षणी करन्सी चेस्टला पाठवत होता का?"

आम्ही गप्प झालो. शाखेत किती रोकड ठेवायची याची मर्यादा ठरलेली असते. जास्तीची रोकड करन्सी चेस्टकडे पाठवायची असते, कारण तिजोरीत पडलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. पण पाठवणे फुकट होत नाही. नोटा मोजायच्या, खराब-चांगल्या वेगळ्या करायच्या, शंभर नोटांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल, त्यावर चिठ्ठी, शिक्का, सही. दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या, गाडी, बंदूकधारी रक्षक. आणि महिन्याच्या सात ते दहा तारखेला कारखान्यांचे पगार आले, की तीच रोकड परत मागवायची. पाठवण्याची घाई केली तर गाडीभाड्यातच शाखा बुडेल. न पाठवता बसून राहिले तर व्याज बुडेल. शाखाधिकाऱ्याची अक्कल या दोहोंच्या मध्ये दिसते.

संगणकातही पाहुण्याने यजमानाशी बोलायचे म्हणजे एक फेरी असते. प्रोसेसरला पाहुण्याचे काम थांबवावे लागते, त्याची सगळी स्थिती जपून ठेवावी लागते, यजमानाच्या कामात शिरावे लागते आणि मग परत यावे लागते. एक फेरी आपल्या दृष्टीने निमिषाचीही नसते. पण चालत्या संगणकात पाने सेकंदाला हजारोंनी मोकळी होतात आणि लगेच पुन्हा वापरात येतात. प्रत्येक पानामागे एक फेरी धरली तर एका जीबीसाठी २,६२,१४४ फेऱ्या. त्यातही निम्मी पाने निरोप पोचेपर्यंत पुन्हा वापरात गेलेली असू शकतात. मोकळे काय आहे हे ठाऊक असणे फायद्याचे. पण ते क्षणोक्षणी ठाऊक करून घेणे तोट्याचे. जगातल्या तज्ज्ञांनी वीस वर्षे डोके चालवले ते नेमके या खर्चावर.

फुगा आणि नमुना तपासणी

यावरचा एक गाजलेला उपाय व्हीएमवेअर कंपनीच्या कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली एका शोधनिबंधात मांडला. त्याचे नावच फुगा. पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्राम बसवायचा. यजमानाला मेमरी हवी असली की तो या प्रोग्रामला फुगायला सांगतो. फुगा पाहुण्याकडे पाने मागतो. पाहुणा आधी मोकळी पाने देतो, ती संपली की कमी गरजेची. फुग्यात गेलेली पाने पाहुणा वापरणार नाही हे नक्की, म्हणून यजमान ती दुसऱ्याला देतो. कोणते पान सोडायचे हे पाहुणाच ठरवतो, कारण त्याची वही त्यालाच ठाऊक. हा यातला शहाणपणा. त्या निबंधात २५६ एमबीच्या मशीनला फुग्याने लहान करून पाहिले होते. मुळातच तेवढ्या लहान असलेल्या मशीनच्या तुलनेत फरक पडला १.४ ते ४.४ टक्के. खर्च आहे, पण परवडणारा.

फुग्याचा दोष असा, की मागणी यजमानाकडून यावी लागते आणि किती फुगवायचे हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते. जास्त फुगवला तर पाहुण्याचा श्वास कोंडतो. त्याची चालू कामेही बंद पडू शकतात.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट आम्हां बँकवाल्यांना फार आवडली. पाहुण्याने घेऊन ठेवलेली पण न वापरलेली मेमरी किती, हे यजमानाने कसे ओळखावे? प्रत्येक पानावर पहारा ठेवला तर पहाऱ्यातच वेळ जाईल. म्हणून तिथे दर ३० सेकंदांना प्रत्येक पाहुण्याची फक्त १०० पाने चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि त्यांतल्या किती पानांना हात लागला ते पाहायचे. शंभरातल्या वीस पानांना हात लागला, तर अंदाजे एक पंचमांश मेमरी वापरात आहे असे धरायचे. लेखापरीक्षक सगळी व्हाउचरे पाहत नाही, नमुना तपासणी करतो, तेच हे. निष्क्रिय ठरलेल्या मेमरीवर त्यांनी चक्क कर बसवला होता आणि त्याचा नेहमीचा दर ७५ टक्के ठेवला होता. म्हणजे टंचाई आली की रिकामी मेमरी दाबून बसलेल्याकडून आधी वसुली.

२०२० ची पद्धत : बंडल बांधून कळवणे

आपल्या यंत्रावर लिनक्स आहे. लिनक्समध्ये फुगा २००८ पासून आहे. तो एका खेपेत जास्तीत जास्त २५६ पानांची यादी देतो, म्हणजे १ एमबी. एका जीबीला १,०२४ फेऱ्या. पानागणिक फेरीपेक्षा कितीतरी बरे, पण तरी बऱ्याच.

मे २०२० च्या शेवटी आलेल्या लिनक्सच्या ५.७ आवृत्तीत फ्री पेज रिपोर्टिंग नावाची सोय आली. इंटेलमधले अलेक्झांडर डाइक यांचे हे काम. यात मागणीची वाट न पाहता पाहुणा स्वतःहून कळवतो. पण कसा कळवतो, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, सुटी पाने कळवायचीच नाहीत. लिनक्स मोकळी पाने जोड्या लावून ठेवते : एक पान, दोन, चार, आठ, अशा दुपटीच्या ढिगांत. शेजारची जोडी मोकळी झाली की दोन्ही मिळून मोठा ढीग होतो. या जोडीपद्धतीचा शोध १९६३ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी लावल्याचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी नोंदवले आहे. होय, गुंतवणूक कशी विभागावी याच्या सिद्धांतासाठी १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच मार्कोविट्झ! आम्हाला हे वाचून फार मौज वाटली. तर नव्या पद्धतीत, आपल्यासारख्या यंत्रांवर, ५१२ पानांचा म्हणजे २ एमबीचा सलग ढीग झाला तरच तो कळवण्याच्या लायकीचा. याला आणखी एक कारण आहे. यजमानही वेग यावा म्हणून २ एमबीचे मोठे पान एकसंध ठेवतो. त्यातले एखादे छोटे पान परत घ्यायचे तर मोठे पान फोडावे लागते आणि पुढे सगळाच हिशोब मंदावतो. बांधलेले बंडल एका नोटेसाठी फोडू नये, हा रोखपालाचा नियम इथेही आहे.

दुसरी गोष्ट, लगेच कळवायचे नाही. ढीग मोकळा झाल्यावर साधारण दोन सेकंद थांबायचे. तेवढ्यात तो पुन्हा वापरात गेला तर फेरी वाचली.

तिसरी, एका खेपेत ३२ ढिगांपर्यंत कळवायचे. म्हणजे एका फेरीत ६४ एमबी. एका जीबीला फेऱ्या किती? सोळा. २,६२,१४४ पासून आपण सोळापर्यंत आलो.

चौथी, कळवलेल्या ढिगावर खूण करून ठेवायची, म्हणजे तोच ढीग पुन्हा पुन्हा कळवला जात नाही. आणि पाहुण्याची स्वतःची मोकळी शिल्लक ठरावीक पातळीजवळ आली की कळवणे थांबवायचे. ही आपली शाखेची रोकड मर्यादाच.

परतीच्या फेरीचा खर्च

इतके सगळे झाल्यावर आता खर्च उरला नाही, असे आम्हाला वाटले होते. पण पाठवण्याचा खर्च कमी झाला, तरी परत मागवण्याचा राहतोच.

कळवलेला ढीग यजमान काढून घेतो. पाहुण्याला तो पुन्हा हवा झाला की त्याला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. तो सरळ पानाला हात लावतो. तिथे खरे पान नसते, म्हणून प्रोसेसर अडतो, यजमान धावतो, नवे पान शोधतो, ते पुसून शून्य करतो आणि जोडून देतो. पुसणे टाळता येत नाही. एका पाहुण्याचा मजकूर दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. लॉकर एकाने सोडला की तो रिकामा असल्याची खात्री करून, कुलूप बदलूनच आपण तो दुसऱ्याला देतो. पाहुणाही आपल्या प्रोग्रामला पान देताना त्याच कारणाने ते पुन्हा पुसतो. म्हणजे पुसण्याचे काम पुष्कळदा दोनदा होते.

जो पाहुणा मेमरी सोडतो आणि बराच वेळ मागत नाही, त्याच्या बाबतीत हा खर्च नगण्य. जो दर काही सेकंदांनी गिगाबाइटभर सोडतो आणि तेवढीच परत घेतो, त्याच्या बाबतीत पुसणे आणि जोडणे हेच मुख्य काम होऊन बसते. त्याचे कळवणे बंद ठेवलेले बरे. आणि यजमानाकडे मेमरी भरपूर असेल, तर कळवून मिळवायचे काय? व्याज न देणाऱ्या चेस्टकडे रोकड पाठवण्यासारखे ते होईल.

चालता पाहुणा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवताना मोकळी पाने कोणती हे कळले तर ती वाहून न्यावी लागत नाहीत. त्यासाठीची वेगळी सोय लिनक्समध्ये २०१८ मध्ये आली. आपल्याकडे यंत्र एकच, त्यामुळे तिचा उपयोग आपल्याला नाही.

आपल्या तिघांचे काय केले

हे समजल्यावर उपाय सोपा वाटला : तिघांनाही कळवायला लावायचे. तसे केले, आणि एकाच ठिकाणी पूर्ण गुण आला.

अभ्यासिकेला तो लागू पडला. ब्राउझर बंद झाले की त्यांची पाने खरोखर मोकळी होतात. रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर थोड्याच वेळात यजमानाच्या वहीतली तिची उचल खाली येते. दोन्ही वह्यांतल्या शिल्लका जवळ आल्या. आम्ही इंटर-ब्रँच जुळवणीत वर्षानुवर्षे डोके घातले आहे, त्यामुळे त्या रात्रीचा आनंद काय होता हे बँकेतली मंडळी समजतील. सकाळी पहिल्या मुलांना पाने नव्याने मिळवावी लागतात, हा खर्च आहे. पण तो क्षणाचा, आणि डिस्कवरून टाकाऊ मजकूर वाचण्याच्या मानाने काहीच नाही.

स्मृतिसंग्रहाला मात्र त्याने फरक पडला नाही. कारण तिथे मोकळी पानेच नव्हती. लिनक्स वाचलेल्या फाइलींच्या प्रती उरलेल्या मेमरीत धरून ठेवते, पुन्हा लागल्या तर पटकन मिळाव्यात म्हणून. रात्रभर ध्वनिफिती आणि छायाचित्रे हाताळली की सकाळी सगळी मेमरी अशा प्रतींनी भरलेली. त्या टाकता येण्यासारख्या असतात, पण "मोकळ्या" नसतात, म्हणून कळवल्याही जात नाहीत. इथे जुना फुगा कामाला आला. रोज सकाळी अभ्यासिका उघडण्याआधी यजमान संग्रहाचा फुगा फुगवून त्याला ६ जीबीवरून ३ वर आणतो. प्रती गळून पडतात, मूळ फाइली डिस्कवर सुरक्षित असतात. रात्री फुगा सोडला की त्याला त्याचे ६ जीबी पुन्हा वापरता येतात.

नोंदवहीच्या बाबतीत आम्ही कळवणे बंद केले. रविवारी सकाळी वर्गणी भरायला सभासद येतात तेव्हा अभ्यासिकाही भरलेली असते. अशा वेळी सोडलेली मेमरी परत मागायला गेले, तर ती दुसऱ्याने घेतलेली असू शकते, आणि पावतीसाठी रांग खोळंबते. तिची खरी गरज तपासली, ४ जीबींऐवजी २ पुरतात असे दिसले, आणि ते २ तिच्यासाठी कायमचे राखून ठेवले.

आता कबूल केलेली बेरीज १८ ऐवजी १६ आहे. यजमानाला स्वतःसाठीही काही लागते, म्हणून ही बेरीज आजही ताणूनच आहे. पण दिवसा प्रत्यक्ष उचल ८, ३ आणि २ मिळून फार तर १३, आणि रात्री अभ्यासिकेचे मोकळे झालेले संग्रहाला मिळते. यातून नवी मेमरी जन्माला आली नाही, हेही स्पष्ट सांगतो. उद्या अभ्यासिकेत सहाऐवजी बारा संगणक जोडले तर यंत्र पुन्हा अपुरे पडेल, आणि तेव्हा इमारत निधीचा प्रश्न पुन्हा मांडावा लागेल. मात्र आज तो मांडण्याचे कारण नाही, आणि स्मृतिसंग्रह बंद करण्याचे तर मुळीच नाही. आम्ही कार्यकारिणीला तसा अहवाल दिला असून तो मान्य झाला आहे.

सभासदांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी अनेकांचे सिल्वासा, वापी, दमण या भागात छोटे कारखाने, दुकाने, दवाखाने आहेत. तुमच्याकडेही असे भाड्याचे किंवा स्वतःचे व्हर्च्युअल मशीन असेल. मेमरी संपली, वाढवून घ्या, असे कुणी सांगितले की पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. संपली ती कोणाच्या वहीत, पाहुण्याच्या की यजमानाच्या? पाहुण्याच्या वहीत भरलेली दिसते ती खऱ्या कामाने की फाइलींच्या प्रतींनी? आणि मोकळे झालेले यजमानाला कळवले जाते का, आणि तुमच्या कामाला ते कळवणे परवडते का? उत्तर प्रत्येक कामाचे वेगळे येईल. आपल्या एका कपाटातच तीन पाहुण्यांची तीन उत्तरे आली.

ज्या विद्यार्थिनीला नाक्यावर धावावे लागले, तिची मंडळाच्या वतीने आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. दोष यंत्राचा नव्हता. दोन वह्या जुळत नाहीत हे वेळीच न पाहणाऱ्या आमचा होता, आणि निदान बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसांकडून तरी तो व्हायला नको होता.

स्मृतिसंग्रहाचे काम पूर्ववत सुरू झाले आहे. घरी जुनी छायाचित्रे, कॅसेटी, पत्रे असतील तर रविवारी सकाळी कार्यालयात आणून द्यावीत. प्रत काढून मूळ वस्तू लगेच परत केली जाईल. ज्यांना यंत्राच्या दोन्ही वह्या शेजारी शेजारी पाहायच्या असतील, त्यांनाही आम्ही तेव्हाच दाखवू. जागा आहे.